दिवाणजींच्या प्रश्नाचं झाड: पार्सर हातानेच लिहा

बेळगावच्या रविवार पेठेतल्या एका अडत दुकानाच्या आवक-वहीवर मी छोटी शोधभाषा बसवली आहे. दिवाणजी टाइप करतात:

गाव = खानापूर किंवा गाव = बैलहोंगल आणि माल = मिरची

असा प्रश्न वाचून त्याचं झाड करणारा भाग म्हणजे पार्सर. एवढ्याशा भाषेसाठी बायसन, अँटलर ही पार्सर आपोआप बनवणारी साधनं आणू नका. हाताने लिहिलेला पार्सर बिघडला तर कुठे बिघडला ते लगेच दिसतं तरी.

आधी लेक्सर, म्हणजे ओळीचे टोकन (शब्द, चिन्हं असे सुटे तुकडे) पाडायचे. पायथॉनच्या रेगेक्समधला (मजकुरातले नमुने शोधायच्या भाषेतला) बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दातलं कुठलंही अक्षर’ ही खूण, इथे दगा देतो. काना, वेलांटी, उकार ही त्याच्या लेखी अक्षरंच नव्हेत, त्यामुळे ‘खानापूर’चे ख, न, प, र असे चार तुकडे हातात येतात. देवनागरीचा अख्खा युनिकोड पट्टा (अक्षरांच्या संगणकी क्रमांकांचा) स्वतः लिहून द्या. आमच्याकडे कन्नडचाही द्यावा लागतो, कारण कुणी ‘आणि’ लिहितं, कुणी ‘मत्तु’. दोन्हींना लेक्सरमध्येच एक टोकन करून टाकायचं. पुढे पार्सरला भाषेशी देणंघेणं नाही.

आता झाड. ‘गाव = खानापूर’ ही एक अट, म्हणजे पान. ‘आणि’, ‘किंवा’ या फांद्या जिथे फुटतात त्या गाठी. ‘आणि’ आधी जोडला जातो, म्हणजे घट्ट बांधतो; ‘किंवा’ नंतर, म्हणजे सैल. प्राधान्याच्या अशा प्रत्येक पायरीला एक फंक्शन लिहायचं, आणि सैल बांधणाऱ्याने घट्ट बांधणाऱ्याला बोलवायचं:

किंवा_वाचा():
  डावं = आणि_वाचा()
  पुढे "किंवा" आहे तोवर:
    टोकन सरकवा
    उजवं = आणि_वाचा()
    डावं = गाठ("किंवा", डावं, उजवं)
  डावं परत द्या

‘आणि_वाचा’ हुबेहूब असंच, फक्त ते ‘नाही_वाचा’ला बोलवतं आणि ते ‘अट_वाचा’ला. कंस उघडलेला दिसला की ‘अट_वाचा’ने परत ‘किंवा_वाचा’ला हाक मारायची आणि बंद कंस मागून घ्यायचा. वर लूप मुद्दाम आहे. किंवा_वाचा()ने पहिल्याच ओळीत स्वतःलाच बोलावलं, तर एकही टोकन न सरकता स्टॅक (अर्धवट राहिलेल्या फंक्शनांची रास) भरतो. पायऱ्या फार झाल्या तर संगणकशास्त्रज्ञ वॉन प्रॅटची पार्सर लिहायची १९७३ची रीत बघा; चार पायऱ्यांना तिची गरज नाही.

वरच्या प्रश्नात ‘किंवा’ मुळाशी बसतं, ‘आणि’ त्याच्या उजव्या फांदीवर. म्हणजे खानापूरचा सगळा माल आणि बैलहोंगलची फक्त मिरची. एसक्यूएल या डेटाबेसच्या शोधभाषेतही ‘आणि’ आधी बांधला जातो. दिवाणजींना मात्र दोन्ही गावांची मिरचीच हवी असते! म्हणून प्राधान्य बदलू नका; झाडावरून कंसासकट प्रश्न परत छापून दाखवा:

(गाव = खानापूर) किंवा ((गाव = बैलहोंगल) आणि (माल = मिरची))

हे बघितलं की माणूस आपणहून कंस घालायला शिकतो.

झाड तयार झाल्यावर टोकन उरलेत का, हे तपासाच. नाहीतर ‘माल = मिरची माल = कांदा’ यातला कांदा गुपचूप गळतो आणि मिरचीची यादी बिनबोभाट छापून येते.

चूक झाल्याचा निरोप देताना ‘१७ व्या अक्षरापाशी चूक’ असलं काही नको. ‘खानापूर’ डोळ्याला चार अक्षरं, संगणकाला सात. मोजणी जुळत नाही. टोकनच छापा: ‘किंवा’च्या पुढे अट हवी होती, ‘आणि’ आलं.