ऑप्टोमेट्रिस्ट व्हायचंय? आधी हे वाचा

कोथरूडच्या आमच्या क्लिनिकमध्ये बारावीच्या मुलांचे आई-बाबा हमखास विचारतात, "म्हणजे चष्म्याचं दुकानच ना?" नाही हो. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा. आणि डोळ्यांचे डॉक्टरही नाही; शस्त्रक्रिया आम्ही करत नाही.

बारावीला विज्ञान हवं. फिजिक्स मनापासून करा, पुढे ऑप्टिक्सच (प्रकाश आणि भिंगांचा भाग) छळतं. बी.ऑप्टोम ही ऑप्टोमेट्रीची डिग्री, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं; एकूण किती वर्षं ते कॉलेजात विचारून घ्या. पुण्यात भारती विद्यापीठात हा कोर्स आहे. दोन वर्षांचे डिप्लोमेही दिसतील, पण जमत असेल तर डिग्रीच करा. आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात हा व्यवसाय आलाय, तेव्हा प्रवेशाआधी कोर्सची मान्यता आणि पुढच्या नोंदणीचे नियम विचारूनच फी भरा.

खरी मेहनत रेटिनोस्कोपीची, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढण्याची. पेशंटपासून साधारण ६७ सेंटीमीटरवर बसायचं, उजेडाची पट्टी डोळ्याच्या बाहुलीवरून सरकवायची. आतली चमक पट्टीबरोबर सरकली तर प्लस भिंग, उलट गेली तर मायनस. हलायचं थांबून बाहुली एकदम उजळली, की आलेल्या नंबरातून त्या ६७ सेंटीमीटर अंतराचे १.५० डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं एकक) वजा. हे वजा करायला नवखे हटकून विसरतात! होस्टेलवर मित्रमैत्रिणींचे डोळे तपासत बसा, हात त्यानेच बसतो. वर्णमालाही न येणाऱ्या पोराचा नंबर याच कौशल्यावर काढायचा असतो.

इंटर्नशिपला नुसतं ऑप्टिकल शॉप पकडू नका. काचबिंदू, तिरळेपणा, लहान मुलांची ओपीडी असलेलं हॉस्पिटल बघा. स्टायपेंड कमी असला तरी चालेल.