दुसऱ्यांचे जुने फोटो कॉपी करता करता

कमुरता, म्हणजे गुजरातेतला धनुर्मास, लागायच्या आधीच्या आठवड्यात बडोद्यात एकेका दिवशी तीन-तीन मांडव असतात. माझ्या फोटोग्राफीच्या सहाव्या वर्षी त्या आठवड्यात मी एका लग्नाचे चौदाशे फोटो संगणकावर उतरवले आणि शेजारी आधीच्या रविवारचं लग्न उघडलं. तेच हसू, तीच पाठीमागची दिव्यांची माळ, नवरीचा तोच वळून बघण्याचा फोटो. त्यातले वीस-पंचवीस इकडचे तिकडे केले असते, तर त्या दोन घरांपलीकडे कुणाला पत्ता लागला नसता. पैसे वेळेवर मिळत होते, गिऱ्हाइकं खूश होती, आणि मला कॅमेरा हातात घेण्याचा कंटाळा यायला लागला होता.

हे लिहायचं कारण असं, की या धंद्यात नव्याने आलेली मुलंमुली भेटली की हमखास विचारतात, ‘ताई, सुचत नाही तेव्हा काय करायचं?’ मीही तेव्हा सगळे करतात तेच केलं होतं. महागडी लेन्स घेतली. मोबाइलवर रोज रात्री इतरांचे फोटो बघितले. दोन्हींचा उपयोग झाला नाही. लेन्सने तेच फोटो जरा जास्त स्वच्छ आले, आणि बघितलेले फोटो दुसऱ्या दिवशी माझ्या हातून पुन्हा निघाले.

कमुरत्यात महिनाभर लग्नं नसतात. त्या रिकाम्या दिवसांत आईच्या भजनी मंडळातल्या एक आजी फ्रेम घेऊन आल्या. त्यांच्या सासरचा, दांडिया बाजारातल्या घरचा एकत्र फोटो. कोपऱ्यांत कसर लागलेली. चार मुलांना चार कॉपी हव्या होत्या.

कॉपी करणं हे आमच्याकडे हलकं काम समजतात. मला मात्र ते नीट करता येत नाही हे पहिल्या अर्ध्या तासात कळलं. फोटो आणि कॅमेरा अगदी समांतर हवेत, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. दोन दिवे दोन बाजूंनी साधारण पंचेचाळीस अंशांवर, सारख्या अंतरावर. काच काढता येत नसेल तर कॅमेऱ्यापुढे लेन्सपुरतं भोक पाडलेलं काळं कापड धरायचं, म्हणजे काचेत आपलीच छबी उमटत नाही. आणि फोटो काचेला चिकटलेला असेल तर तो ओढून सोडवायचा नाही, वरचा थर काचेवर राहतो. काचेसकटच कॉपी करायची. जुन्या प्रिंटच्या गडद भागात चांदीसारखी चमक चढलेली असते, ती एका कोनातून दिसते आणि दुसऱ्यातून नाहीशी होते. तो कोन शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला.

पण त्या दिवसाने मला जे दिलं ते सहा वर्षांनी दिलं नव्हतं, कारण एकच फोटो मी आठ तास बघत होते. त्यातल्या बावीस माणसांचे हात मी एकेक करून बघितले. कुणाचा खुर्चीच्या दांड्यावर, कुणाचा काठीवर, कुणाचा मुलाच्या खांद्यावर. एकही हात लोंबकळत नव्हता. तेव्हा एका फोटोला वेळ लागायचा, हात हलला की पुसट व्हायचा, म्हणून फोटोग्राफर प्रत्येक हाताला जागा नेमून द्यायचा. पुढच्या रांगेतलं एक पोर हललंच होतं, त्याच्या डोक्याच्या जागी धुराचा पुंजका. आणि उजेड एकाच बाजूचा. नाकाची सावली गालावर पडलेली, ती कुणी उजळवली नव्हती. त्या सावलीमुळे चेहऱ्यांना हाडं होती. मी सहा वर्षं दोन्हीकडून दिवे लावून लोकांच्या चेहऱ्यांवरच्या सावल्या पुसत आले होते.

मग मी अशी कामं मागून घ्यायला लागले. रावपुरा, सलाटवाडा, दांडिया बाजार, आपल्या लोकांच्या घरी अजून ट्रंका भरून फोटो आहेत. पुठ्ठ्यावर चिकटवलेले, खाली स्टुडिओचा शिक्का असलेले, मागे रंगवलेला पडदा, त्यात खांब आणि जिना. काहींवर हाताने रंग चढवलेला, लुगडं हिरवं आणि गाल गुलाबी.

कॉपी पोहोचवायला गेले की बसवून घेतात. अशीच एकदा त्या पहिल्या आजींच्या स्वयंपाकघरात बसले होते. दुपारचे चार वाजले असतील. ओट्यावरच्या एकुलत्या खिडकीतून उजेड आत येत होता, तिरपा, एकाच बाजूचा. अगदी फोटोतला. मी विचारलं, ‘आजी, तुमचा एक फोटो काढू?’

‘अगं, या लुगड्यावर? थांब, बदलून येते.’

‘नको, असंच.’

‘मग हात कुठे ठेवू ते तरी सांग.’

हा प्रश्न मला नवरीने कधी विचारला नव्हता. मी काही सांगायच्या आत त्यांनी तो पोळपाटावर ठेवला. ट्रायपॉडवर कॅमेरा, शटर एक पंधरांश सेकंद, दिवा एकही नाही. माझ्या सहा वर्षांतला माझा म्हणावा असा तो पहिला फोटो.

त्यानंतर वर्षभर लग्नांखेरीज मी फक्त हेच केलं: ज्या घरचा जुना फोटो कॉपी केला, त्याच घरात आज राहणाऱ्या माणसाचा फोटो, घरातल्याच उजेडात. नवख्यांना मी हाच आग्रह धरते, की विषय हातात मावेल एवढा घ्या. ‘बडोदा’ हा विषय नाही. ‘मांडवीतल्या एका गल्लीतली सकाळी उघडणारी दुकानं’ हा आहे. पन्नास मिलिमीटरची, झूम नसलेली एक लेन्स मी वर्षभर बदलली नाही. अंतर पायांनी ठरायला लागलं, आणि आठव्या-नवव्या घरापासून दारात पाऊल ठेवताच कुठे उभं राहायचं ते समजायला लागलं.

बघायला काय बघावं, याबाबतीत बडोदेकर भाग्यवान आहेत. विश्वामित्री नदीजवळच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोसांनी चार भिंती रंगवल्यात. मी तिथे वही घेऊन जाते आणि एका भिंतीसमोर तासभर बसते. महाभारताच्या युद्धात एवढी गर्दी असून डोळा अडखळत कसा नाही, हे कळलं की वरातीतल्या गर्दीचा फोटो सुधारतो. तांबेकर वाड्यातली जुनी भित्तिचित्रंही बघा. एकाच चौकटीत घर, अंगण, रस्ता सगळं कसं बसवलंय ते. रविवर्म्याची चित्रं लक्ष्मीविलास राजवाड्यात आहेत, तिथे फक्त कापडावरचा उजेड बघायचा.

आणि ज्योती भट्ट. जन्म 1934चा. आपल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये चित्रकार बेंद्र्यांच्या हाताखाली शिकले, चित्रकार आणि मुद्राचित्रकार म्हणून नाव झालं. साठच्या दशकाच्या शेवटी गुजरातच्या खेड्यांतल्या भिंतींवरची चित्रं, गोंदणं, रांगोळ्या यांचे फोटो घ्यायला लागले आणि पुढे कित्येक वर्षं घेतच राहिले, कारण ते सगळं डोळ्यांदेखत नाहीसं होत होतं. त्यांच्या फोटोंतली मला सर्वांत शिकवून गेलेली गोष्ट ही, की ते नुसती भिंत घेत नाहीत. भिंतीशी राहणारी बाई, पोर, बकरीही त्यात असते. एशिया आर्ट आर्काइव्हच्या ऑनलाइन संग्रहात त्यांचं पुष्कळ काम घरबसल्या बघायला मिळतं. भराभर बघू नका. एका बैठकीला दहा पुरेत.

दादासाहेब फाळके बडोद्यात शिकले, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913चा, पण 1890च्या सुमारास ते आपल्या कलाभवनात, म्हणजे कला आणि तंत्रशिक्षणाच्या शाळेत, होते आणि फोटोग्राफी तिथे शिकले. पुढे गोध्र्यात स्टुडिओ काढला. प्लेगने बायको आणि मूल नेलं, स्टुडिओ राहिला नाही. कलाभवनाच्या इमारतीत आता विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. मी तिच्यावरून जाते तेव्हा वेग कमी करते.

पैशांचं थोडक्यात. लग्नं सोडू नका. चातुर्मास आणि कमुरता हे आपल्या धंद्यातले मोकळे महिने आहेत, तेवढे स्वतःच्या कामासाठी आधीच राखून ठेवा आणि मोसमातल्या कमाईतून त्यांची तजवीज करा. मला तरी यापेक्षा वेगळं जमलेलं नाही, आणि लग्नाचे फोटोही त्यामुळे बदलले. आता मंडपात शिरल्यावर मी आधी बघते की उजेड कुठून येतोय, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना त्या बाजूला खुर्ची देते.

प्रिंट काढा, हे मात्र शंभरदा सांगेन. पोस्टकार्डाएवढ्या, साध्या. मी त्या जमिनीवर मांडून आठवडाभर तशाच ठेवते, येताजाता नजर पडते. पडद्यावर जे वीस फोटो चांगले वाटतात त्यांतले जमिनीवर सहा उरतात. निवड करताना मी आईला बोलावते. तिला शटर-बिटर कळत नाही, पण ‘ही बाई घाबरलीय’ हे ती लगेच सांगते, आणि तो फोटो मी बाजूला काढते. एक प्रिंट ज्याची त्याला नेऊन द्यायचीच. दुसऱ्या खेपेला दार उघडतं ते त्यामुळे.

आजींच्या त्या फ्रेममधल्या फोटोमागे काही लिहिलेलं नव्हतं. कॉपी द्यायला गेले तेव्हा आम्ही नावं लावायला बसलो. बावीसपैकी सतरा त्यांना आठवली. तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी, नथ घातलेली, कोण ते काही केल्या आठवेना. ‘आत्याबाईंची सून असावी,’ म्हणाल्या, मग ‘नाही, तिचे डोळे घारे होते.’ मी चारही कॉपींच्या मागे मऊ पेन्सिलीने सतरा नावं लिहिली. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटू शकते. पाच जागा मोकळ्या सोडल्या. मग पोळपाटाच्या फोटोची प्रिंट पिशवीतून काढली, उलटी केली, आणि आजींना त्यांचं माहेरचं पूर्ण नाव विचारलं.