नंबर बरोबर, तरी चष्मा का लागत नाही? या चुका टाळा

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या मामांनी प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा, खाली वाचायचा नंबर) केला आणि चौथ्या दिवशी तो डबीत गेला. "नंबरच चुकलाय रे, समोर बघितलं तरी धूसर. जिन्याची तर पायरीच हलते." खडेबाजारातल्या दुसऱ्या एका दुकानात घेऊन गेलो. चष्मेवाल्यानं चष्मा लेन्सोमीटरखाली, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्राखाली, धरून चिठ्ठीशी ताडला. नंबर तंतोतंत. मग मामांना समोर बसवून त्यानं बुबुळाच्या जागी काचेवर मार्करनं ठिपका दिला आणि बुबुळासमोर यायला हवी ती काचेची मूळ खूण शोधून काढली. ती ठिपक्याच्या ३ मिलिमीटर वर होती. म्हणजे सरळ बघतानाच वाचायचा नंबर मध्ये येत होता. त्यानं पकडीनं नोज पॅड थोडे फाकवले, फ्रेम खाली उतरली आणि मामांनी समोरच्या गल्लीतली पाटी वाचून दाखवली. काच बदलावी लागलीच नाही.

तेव्हापासून कुणी "नंबर चुकला" म्हटलं की मी आधी विचारतो, माप कुणी घेतलं? प्रोग्रेसिव्हसाठी उंचीचं माप, म्हणजे फ्रेममध्ये बुबुळ किती उंचीवर येतं ते, घ्यायचं निवडलेली फ्रेम तोंडावर नीट बसवून, तुम्ही सरळ उभे असताना. टेबलावर ठेवलेल्या फ्रेमवर अंदाजानं रेघ मारणाऱ्याला तिथंच थांबवा.

दुसरं माप पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर. चिठ्ठीवर बहुतेक वेळा नसतं, ते दुकानातच घेतात. प्रोग्रेसिव्ह असेल तर नाकाच्या मध्यापासून उजव्या-डाव्या डोळ्याचं वेगवेगळं घ्यायला सांगा. नंबर ५ असेल आणि एका काचेचं केंद्र ४ मिलिमीटर सरकलं, तर त्या डोळ्यावर २ प्रिझमचा (काच नजर बाजूला वळवते त्याचं माप) ताण येतो. कपाळ दुखतं ते यानंही असू शकतं.

चिठ्ठी उतरवतानाही घोळ होतात. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा. ॲक्सिस, म्हणजे सिलिंडर नंबरचा कोन, १८ आणि १८० यांत एका शून्याचा फरक, पण सिलिंडर (तिरकसपणाचा) नंबर असलेल्याला सगळं तिरकं दिसू लागतं. आकडे तोंडी सांगू नका, मूळ चिठ्ठी दाखवा. आणि डोळे तपासायच्या मशीनमधून निघालेली पट्टी हा अंतिम नंबर नव्हे. समोर काचा बदलत "हे बरं की ते बरं?" विचारून ठरतो तो नंबर. शुगर वरखाली होत असेल तर ती स्थिर होईपर्यंत थांबा, कारण तिच्याबरोबर नंबरही हलतो.

आपल्या बेळगाव सीमाभागातली एक अडचण वेगळीच. खानापूरकडच्या आजीला इंग्रजी-कन्नड अक्षरांचं कार्ड दाखवलं की ती संकोचानं "दिसतंय, दिसतंय" म्हणते. लांबच्यासाठी ई-आकाराचा तक्ता मागा, जवळच्यासाठी घरून रोजचा मराठी पेपर न्या. त्यातल्या बारीक छोट्या जाहिराती वाचता आल्या की खरं.

चाळिशीचा नंबर अंतरावर ठरतो, हे तर फार थोडे लोक सांगतात. ४० सेंटिमीटरवर बघायला २.५० ची ताकद लागते, ६० सेंटिमीटरवर १.७५ पेक्षाही कमी पुरते. वडगावचा मागावर बसणारा, शिलाई करणारी मावशी आणि कॉम्प्युटरवरचा कारकून या तिघांना एकच चाळिशी कशी चालेल? कामाचं अंतर घरी टेपनं मोजून न्या.

फ्रेमच्या काडीवर आत ५२, १८, १४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुनी फ्रेम नीट बसत असेल तर तिचेच आकडे घेऊन जा. मायनस नंबर मोठा असेल तर हौसेची मोठी गोल फ्रेम घेऊ नका, १.६७ इंडेक्सची (इंडेक्स जास्त, तितकी काच पातळ) महाग काच घेतली तरी कडा जाड दिसणारच. उलट मायनस १ ला १.६७ म्हणजे पैसे वाया. लहान मुलांना पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकची काच घ्या, सहजी फुटत नाही. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्यांना मात्र साधा चष्मा पुरत नाही, सेफ्टी गॉगल वेगळा.

ब्ल्यू कटसाठी, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी, जास्तीचे पैसे मी देत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात स्क्रीनमुळे येणारा थकवा त्यानं निदान थोड्या काळात तरी कमी झाल्याचं दिसलं नाही. ऊन लागलं की काळी होणारी काच गाडीत फारशी काळी होत नाही, कारण समोरची काच अतिनील किरणं अडवते. रात्री हायवेवर निपाणीकडे जाणाऱ्यांनी अँटी-रिफ्लेक्शन (काचेवरची चमक कमी करणारं) कोटिंग जरूर घ्यावं. आणि ते कोटिंग पदरानं पुसून घालवू नका. आधी पाणी, मग साबणाचा थेंब, मग मऊ कापड.

बिल करताना काचेची कंपनी, इंडेक्स, कोटिंग आणि चष्मा न लागल्यास काच किती दिवसांत बदलून देणार, हे बिलावरच लिहून घ्या. गल्लीतल्या ओळखीच्या दुकानदाराला हे लिहायला सांगताना लाज वाटते, मला अजूनही वाटते. चष्मा मिळाला की लगेच डबीत घालू नका. दाराशी उभं राहून समोरची पाटी वाचा, आत येऊन पेपर वाचा, मान खाली करून बघा फ्रेम नाकावरून घसरते का. घसरली तर काड्या तिथंच वाकवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.