कार्बाईडमधून अ‍ॅसिटिलीन: प्रयोग लावण्याआधीची तयारी

कॅल्शियम कार्बाईडवर पाणी पडले की अ‍ॅसिटिलीन हा ज्वलनशील वायू सुटतो. सगळ्यात आधी कार्बाईडचा डबा पाहावा. आत करडे, टणक खडे हवेत. पांढरी भुकटी दिसली तर तेवढा माल हवेतल्या ओलाव्याने आधीच खाल्ला. तो आता नुसता विरी चुना. डबा फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या प्रयोगशाळेच्या कपाटात) आणि आसपास ठिणगी नसताना उघडावा. बंद डब्यात अ‍ॅसिटिलीन साचलेला असू शकतो, आणि हवेत तो २.५ टक्के झाला तरी पेट घेतो. फळबाजारात ‘मसाला’ म्हणून खपणारी पूड प्रयोगाला आणू नये. तिची शुद्धता कोणालाच ठाऊक नसते (फळे पिकवायलाही ती वापरायला कायद्याने बंदी आहे, ते वेगळेच). खडे कोरड्या चिनी मातीच्या खलात, नायट्रोजनखाली, दोन ते चार मिलिमीटरचे करावेत. पीठ केले तर पाणी लागताच सगळा वायू एकदम सुटतो.

आता शुद्धता. कारखानी कार्बाईड साधारण ७५ ते ८० टक्के असतो, त्यामुळे तराजूवरचे वजन थेट मोलमध्ये (रेणूंच्या संख्येच्या मापात) धरले की गणित तिथेच चुकते. १०० मिलिग्रॅम खडा पाण्यात सोडून निघालेला वायू उलट्या मोजनळीत गोळा करावा. नळीत मिठाचे संपृक्त द्रावण हवे, कारण साध्या पाण्यात अ‍ॅसिटिलीन जवळजवळ पाण्याच्या आकारमानाइतकाच विरघळतो. शुद्ध मालातून २५ अंशांना ३८ मिलिलिटर मिळायला हवेत. २९ आले तर माल ७५ टक्के. हे मुंबईचे आकडे. पुण्यात हवेचा दाब कमी, तिथे ३८ च्या जागी ४१ धरावेत.

उदाहरणाला थायोफिनॉलचे व्हिनाइलीकरण घेऊ, म्हणजे या गंधकयुक्त संयुगाला (थायॉलला) अ‍ॅसिटिलीन जोडणे. दोन कप्प्यांचे, वरून जोडलेले, दाब सोसणारे १०० मिलिलिटरचे काचपात्र. एका कप्प्यात थायोफिनॉल ११० मिलिग्रॅम (१ मिलिमोल), तेवढ्याच मोलचा कॉस्टिक पोटॅश (८५ टक्क्यांचा असेल तर ६६ मिलिग्रॅम) आणि २ मिलिलिटर डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हा द्रावक). दुसऱ्यात ७५ टक्क्यांचा कार्बाईड १३० मिलिग्रॅम, म्हणजे दीड मिलिमोल वायू, सुमारे ३७ मिलिलिटर. पात्र नायट्रोजनने नीट धुऊन घ्यावे. हवा राहिली तर स्फोटाची भीती आहेच, शिवाय थायॉलचे डायसल्फाइड होऊन उत्पन्न घसरते.

पात्राचा आकार कंजुषीने निवडू नये. हाच वायू २५ मिलिलिटरच्या नळीत कोंडला तर रिकाम्या जागेतला दाब दीड वातावरणाहून (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेइतका दाब) अधिक वाढतो, आणि अ‍ॅसिटिलीन हवेच्या दाबापेक्षा एक वातावरण वर गेला की हवेशिवायही विघटनाने फुटू शकतो. १०० मिलिलिटरमध्ये वाढ ०.४ वातावरणाच्या आतच राहते. अर्ध्या मिलिलिटर पाण्याने रासायनिक गरज भागते, पण सुटणारी सुमारे १९० जूल उष्णता तेवढे पाणी उकळीपर्यंत नेईल. म्हणून दीड मिलिलिटर घ्यावे, कार्बाईडचा कप्पा थंड पाण्यात ठेवावा आणि सिरिंजने सेप्टममधून (सुई टोचता येणाऱ्या रबरी बुचातून) दहा मिनिटे थेंबथेंब सोडावे. ९० अंशांच्या ऑइल बाथमध्ये फक्त डीएमएसओचा कप्पा बुडवावा. पाण्याचा कप्पाही तापला तर त्याची वाफच ०.७ वातावरण दाब चढवते.

जोडण्या काच, टेफ्लॉन किंवा स्टेनलेस स्टीलच्या. तांब्याची नळी, पितळी तोटी, पाऱ्याचा दाबमापक, चांदीचे क्षार यांतले काहीही जवळ नको. या धातूंचे अ‍ॅसिटिलाइड कोरडे झाले की धक्क्यानेही उडतात. सोनोगाशिरासाठी (पॅलेडियम उत्प्रेरक वापरून अ‍ॅसिटिलीन जोडण्याच्या अभिक्रियेसाठी) तांब्याचा क्षार घालावाच लागला तर गाळ गाळणकागदावर सुकू देऊ नये.

लसणाचा वास आला तर तो फॉस्फीनचा. कार्बाईडमधल्या कॅल्शियम फॉस्फाइडमुळे तो येतो, विषारी असतो आणि पॅलेडियम उत्प्रेरकालाही निकामी करतो. ब्लीचमध्ये वायू धुण्याचा मोह टाळावा, क्लोरीन आणि अ‍ॅसिटिलीन एकत्र येणे स्फोटक आहे. सिलिंडरच्या वायूत मात्र अ‍ॅसिटोन येतो. ती कटकट इथे नाही.

कार्बाईडमधून वायू घेण्याला ‘शाश्वत’ म्हणतात, तो शब्द तेवढा जपून वापरावा. कळीचा चुना आणि कोक सुमारे २,००० अंशांना भाजून कार्बाईड होतो, टनामागे साधारण ३,००० युनिट वीज जाते. ती वीज कुठली, कोक कशाचा, यावरच उत्तर ठरते.

आग लागलीच तर कोरडी वाळू किंवा कोरडी पावडर. पाणी नाही, फेस नाही. काम झाल्यावर उरलेला चिखल लगेच बाटलीत भरू नये. चुन्याच्या कवचाखाली करडा खडा शाबूत असतो आणि घट्ट झाकणाखाली तो रात्रभर वायू सोडत राहतो. भरपूर पाणी घातलेल्या उघड्या बीकरमध्ये, हूडमध्ये, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवावा, मग आम्लाने उदासीन करून कचऱ्याच्या कॅनमध्ये.