फ्लॅप निळा पडतोय? या चुका टाळा

रात्री अकराच्या नोंदीत ‘कॅपिलरी रिफिल उत्तम’ असं लिहिलेलं असतं आणि सकाळच्या राउंडला फ्लॅप (जखम झाकायला रक्तपुरवठ्यासकट हलवून लावलेला कातडी-स्नायूचा तुकडा) जांभळा, टणक, फुगलेला सापडतो. नोंद खोटी नसते, तिचा अर्थ उलटा लावलेला असतो. बोटानं दाबून सोडल्यावर रंग परत येणं म्हणजे कॅपिलरी रिफिल. रंग एका सेकंदाच्या आत परत आला, तर शिरांमधून रक्ताचा निचरा होत नाही, म्हणजे कंजेशन आहे, असं समजा. धमनी अडली की फ्लॅप फिका आणि थंड पडतो, रिफिलला तीन सेकंदांहून जास्त लागतात. शंका असेल तर बारीक सुईनं टोचून पाहा. निरोगी फ्लॅपमध्ये क्षणभरानं लालभडक थेंब येतो, कंजेशन असेल तर काळपट रक्त लगेच वाहू लागतं, आणि धमनी बंद असेल तर काहीच येत नाही.

याचं नेहमी दिसणारं उदाहरण म्हणजे तोंडाच्या कॅन्सरनंतर लावलेला, छातीच्या स्नायूचा पेक्टोरॅलिस मेजर फ्लॅप. पेडिकल, म्हणजे फ्लॅपला रक्त पुरवणारा देठ, कॉलरबोनवरून मानेच्या कातडीखालून वर जातो आणि ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची) फीत नेमकी त्याच्यावरून घट्ट बांधली जाते. शिरांमधला दाब कमी, म्हणून आधी त्याच दबतात. धमनी चालूच राहते आणि फ्लॅप फुगत जातो. मग कुणीतरी ‘सकाळी सरांना दाखवू’ म्हणतं. हे वाक्य वॉर्डात ऐकूच येता कामा नये. आधी फीत सोडा, मान सरळ करा, ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) चालू आहे का ते पाहा, सगळ्यात ताणलेले टाके काढा. खाली हिमॅटोमा (साकळलेलं रक्त) असेल तर बेडवरच जखम उघडून दाब कमी करा. अर्ध्या तासात रंग सुधारला नाही, तर रुग्ण ओटीत (ऑपरेशन थिएटरात) हवा. अशा रुग्णांत ट्रॅकिओस्टॉमीची नळी टाक्यांनी कातडीला शिवावी आणि मानेभोवती काहीच बांधू नये.

दुसरी चूक आखणीतली. फ्लॅप लांब हवा म्हणून पाया रुंद करायचा, हे गणित अजून पाठ करून घेतलं जातं. संशोधक मिल्टननं १९७० मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की रुंदी वाढवून जगणारी लांबी वाढत नाही. रुंद पायात रक्तवाहिन्या जास्त येतात, पण त्यांतला दाब तेवढाच असतो, त्यामुळे टोकापर्यंत रक्त पोचत नाही. ठरलेल्या वाहिनीवर फ्लॅप आखा, हँडहेल्ड डॉपलरनं (रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या हातातल्या यंत्रानं) ती आधी शोधून खूण करा. तरीही टोक दूर जात असेल तर डिले करा: दोन्ही लांब बाजू कापून परत शिवा, १० ते १४ दिवस थांबा, मग उचला. तेवढ्यात आतल्या चोक वाहिन्या (शेजारच्या भागांना जोडणाऱ्या अरुंद रक्तवाहिन्या) रुंदावतात. दोन आठवडे वाचवायच्या घाईत टोक गेलं, तर पुढचे दोन महिने ड्रेसिंगमध्ये जातात.

पायथ्याशी आलेला डॉग-इअर (कातडी दुमडून झालेला उंचवटा) त्याच दिवशी कापू नका, पाया अरुंद होतो. सिगारेट, तंबाखू, निकोटीनचं च्युइंगगम किमान चार आठवडे आधी बंद.

साचलेलं रक्त उतरवायला जळवा लावायच्या तर धमनी चालू असल्याची खात्री करा, जळवांमधल्या एरोमोनास जंतूंविरुद्ध अँटिबायोटिक सुरू करा आणि हिमोग्लोबिन पाहत राहा. जळू सुटल्यावरही जखम काही तास झिरपते आणि कंजेशन उतरतं ते त्या झिरपण्यानंच. पेडिकल पिळलेला असताना जळवा लावत बसणं म्हणजे ओटीचा वेळ घालवणं. नायट्रोग्लिसरीनच्या मलमाचंही तेच, आधी टाके सैल करा.

आणि टोक काळं पडलंच, तर दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन धावू नका. कोरडं असेल, पू नसेल, खाली हाड किंवा इम्प्लांट उघडं पडत नसेल, तर सीमारेषा स्पष्ट होईपर्यंत थांबा. बरेचदा वरचाच थर गेलेला असतो आणि खपलीखाली गुलाबी, जिवंत कातडी निघते.