चहा महागला म्हणून नव्हे! अमेरिकेचा आरंभीचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य इतक्या वेळा समोर आलंय की आता ते मला पाठ आहे: 'इंग्रजांनी चहावर भरमसाट नवा कर लावल्याने चहा महागला, त्यामुळे चिडलेल्या अमेरिकनांनी बोस्टन बंदरात चहा बुडवला व अमेरिका स्वतंत्र झाली.' वाचायला गोळीबंद. पण कर भरमसाट नव्हता, नवाही नव्हता, चहा महागला नव्हता, आणि त्या 'व' या एका अक्षराने अडीच वर्षं गिळून टाकली आहेत.

चहा स्वस्त झाला होता

१७६७ मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींत येणाऱ्या काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर जकात बसवली. वसाहतींनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला, तेव्हा १७७० मध्ये बाकीची जकात उठली. चहावरची पौंडामागे तीन पेन्स तेवढी राहिली. त्यात उत्पन्नापेक्षा 'कर बसवायचा हक्क आमचा' हे ठसवण्याचा भाग मोठा होता. लोकांनी पळवाट काढली. हॉलंडकडून चोरून आलेला चहा प्यायला लागले.

इकडे ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे आपल्या ओळखीचीच ती, बंगालच्या १७६९-७० च्या दुष्काळानंतर अडचणीत आली होती आणि लंडनच्या वखारींत तिचा चहा पडून होता. १७७३ च्या चहा कायद्याने तिला मधले व्यापारी वगळून थेट अमेरिकेत माल पाठवायची मुभा दिली. चहा इतका स्वस्त झाला की चोरट्या मालाशी टक्कर देऊ लागला. भारताच्या इतिहासात तुम्ही १७७३ चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट पाठ करता ना? तोही त्याच वर्षी, त्याच संसदेने, त्याच कंपनीच्या आजारपणावर काढलेला काढा. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले तर दोन्ही जास्त नीट कळतात.

मग स्वस्त चहावर राग कशाचा? तो विकत घेतला की तीन पेन्स आपोआप भरले जाणार, म्हणजे आपले प्रतिनिधी नसलेल्या संसदेचा हक्क मुकाट्याने मान्य होणार. शिवाय विक्रीचा मक्ता कंपनीने निवडलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांना मिळाला होता. बाकीचे व्यापारी आणि तस्कर दोघांच्याही पोटावर पाय आला. बोस्टनमध्ये मक्तेदारांत खुद्द गव्हर्नर हचिन्सनचे मुलगे होते, हे उत्तरात आलं तर तपासणारा मान वर करून बघतो.

त्या रात्रीची घाईसुद्धा समजून घ्या. 'डार्टमाउथ' जहाज बंदरात लागून वीस दिवस होत आले होते. मुदत संपली की जकात अधिकारी माल जप्त करणार. जहाज परत न्यावं तर गव्हर्नर परवाना देईना. म्हणून १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री मोहॉक या तिथल्या मूळ रहिवासी जमातीसारखा वेष केलेली माणसं तीन जहाजांवर चढली आणि ३४२ पेट्या फोडून पाण्यात रिकाम्या केल्या. फिलाडेल्फियाला मात्र जहाज माल न उतरवताच परत गेलं, तिथे चहा बुडवायची वेळच आली नाही. आणि हा चहा चीनचा होता. आसामचे मळे १८३० च्या दशकानंतरचे, तेव्हा 'भारतातून गेलेला चहा' असं लिहू नका. 'टी पार्टी' हे नावही काही दशकांनंतरचं.

आता तो 'व'. १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद करणारे दंडात्मक कायदे आले, सप्टेंबरमध्ये पहिली काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरली (बारा वसाहती, जॉर्जिया गैरहजर), १९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टनला गोळी सुटली. आणि त्यानंतरही, जुलै १७७५ मध्ये, दुसऱ्या काँटिनेंटल काँग्रेसने राजाला समेटाचा अर्ज पाठवला. लढाई सुरू झाल्यावरसुद्धा स्वातंत्र्य ठरलेलं नव्हतं. ही गंमत एका वाक्यात घातली तरी उत्तर वेगळं दिसतं.

कोलंबसवरून उडी

१४९२ ला कोलंबस, पुढच्या ओळीत 'इंग्रजांनी तेरा वसाहती स्थापल्या'. मधली ११५ वर्षं कुठे गेली? कोलंबसचा पाय आजच्या अमेरिकी संघराज्याच्या मुख्य भूमीला लागलाच नाही. फ्लोरिडात स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये सेंट ऑगस्टिन वसवलं, आणि इंग्रजांचं टिकलेलं पहिलं गाव, जेम्सटाउन, १६०७ चं. तेरा वसाहतीही एका दमात झाल्या नाहीत. व्हर्जिनियानंतर जॉर्जियाच्या सनदेपर्यंत, १७३२ पर्यंत, सव्वाशे वर्षं गेली. शिवाय ब्रिटिशांच्या त्या बाजूला तेराच वसाहती नव्हत्या. जमैका, बार्बाडोस, नोव्हा स्कोशिया, क्वेबेक होतेच, ते बंडात उतरले नाहीत.

'रेड इंडियन' हा शब्द सोडा. जेम्सटाउनच्या शेजारी पॉव्हटन होते, प्लिमथजवळ वांपानोआग. नाव लिहिलं की ते कोणाशी लढले, कोणाशी तह केला, हे आपोआप लिहावं लागतं.

'सगळे धर्मस्वातंत्र्यासाठी आले'

निम्मं खरं, म्हणून जास्त घातक. व्हर्जिनिया ही कंपनीने नफ्यासाठी काढलेली वसाहत. १६०९-१० च्या हिवाळ्यात तिथे उपासमारीने माणसं पटापट गेली; पुढे तारलं ते तंबाखूच्या पिकाने. १६१९ हे एकच वर्ष लक्षात ठेवा: जुलैअखेर तिथे निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि ऑगस्टअखेर पहिले बंदिवान आफ्रिकी लोक किनाऱ्याला उतरवून विकले गेले. अमेरिकेच्या पुढच्या इतिहासाची दोन्ही टोकं एका महिन्याच्या अंतरावर आहेत.

मॅसॅच्युसेट्समध्ये धर्म होता, पण स्वातंत्र्य स्वतःपुरतं. १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेले लोक चर्च ऑफ इंग्लंडपासून फुटलेले; १६३० नंतर मोठ्या संख्येने आलेले प्युरिटन ते चर्च आतून शुद्ध करू पाहणारे. दोघांना एकाच टोपलीत टाकू नका. याच प्युरिटनांनी रॉजर विल्यम्सला हद्दपार केलं, त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर पंथाच्या बाईला बोस्टनमध्ये फाशी दिलं.

तारखांची खिचडी

स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ ला मंजूर झाला. ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मसुदा. बहुतेक सह्या २ ऑगस्टच्या. आपल्याकडे घटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला आणि अमलात आली २६ जानेवारी १९५० ला, हे आपण चुकत नाही. तितकीच काळजी तिथेही घ्या.

याहून मोठा घोळ असा, की जाहीरनामा, राज्यसंघाची कलमं (घटनेआधीची राज्यव्यवस्था) आणि राज्यघटना या तिन्हींचा एकच लगदा होतो. 'जेफरसनने घटना लिहिली' असं हमखास येतं. १७८७ च्या उन्हाळ्यात घटना लिहिली जात होती तेव्हा जेफरसन पॅरिसला राजदूत होता, जॉन अ‍ॅडम्स लंडनला. आणि १७७६ चा वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष नव्हे, सेनापती. राष्ट्राध्यक्षपदाची शपथ त्याने ३० एप्रिल १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये घेतली. मधल्या तेरा वर्षांचं काय, हे ज्याला सांगता येतं त्याला हा विषय आला असं मी समजतो.

त्या वर्षांतली गोम राज्यसंघाच्या कलमांत आहे, जी मुलं एका ओळीत 'कमकुवत होती' म्हणून उडवतात. कमकुवत म्हणजे काय ते लिहा. १७८१ मध्ये लागू झालेल्या या व्यवस्थेत काँग्रेस कर लावू शकत नव्हती, राज्यांकडे फक्त मागू शकत होती. लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एक मत, मोठ्या निर्णयाला तेरापैकी नऊ, आणि कलमं बदलायची तर तेराच्या तेरा हवीत. युद्धाचं कर्ज फेडायला आयातीवर पाच टक्के जकात घ्यावी, असं ठरत आलं होतं. एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि प्रस्ताव मेला. मग १७८६-८७ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले कर्जात बुडालेले शेतकरी डॅनियल शेजच्या मागे उठले, जप्त्या थांबवायला न्यायालयं बंद पाडू लागले. केंद्राकडे बंदोबस्ताला पैसाही नव्हता, फौजही नव्हती. नवी घटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या बैठकीला त्यामुळे निकड आली. पण न्याय म्हणून हेही लिहा, की ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी नको, असा १७८७ चा कायदा याच 'कमकुवत' काँग्रेसने केला.

तीन पंचमांश

हे सगळ्यात उलटं समजलं जातं. 'घटनेने गुलामाला तीन पंचमांश माणूस मानलं' हे वाक्य ऐकायला जळजळीत आहे, पण त्यावरून वाटतं की उत्तरेला पूर्ण मोजायचं होतं आणि दक्षिणेने कमी केलं. उलट होतं. प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार होत्या. त्यामुळे गुलाम बाळगणाऱ्या राज्यांना ते पूर्ण मोजून हवे होते, विरोधकांना अजिबात नको होते. तडजोड तीन पंचमांशावर झाली. फायदा कोणाचा? मत नसलेल्या माणसांच्या जोरावर मालकांच्या राज्यांना जास्त जागा, आणि निर्वाचक मंडळ त्याच जागांवर बेतलेलं असल्यामुळे राष्ट्राध्यक्ष निवडतानाही जास्त वजन. 'गुलाम' हा शब्द मात्र मूळ घटनेत कुठेच नाही, तिथे 'इतर व्यक्ती' आहेत. लिहिणाऱ्यांना लाज वाटत होती की सावधगिरी, यावर वाद घालता येईल. मला दोन्ही वाटतं.

उरलेल्या दोन गोष्टी

यॉर्कटाउनची लढाई (१७८१) म्हणजे युद्धाचा शेवट नव्हे, तह पॅरिसला १७८३ मध्ये झाला. आणि फ्रेंच आरमाराचा उल्लेख नसलेलं यॉर्कटाउन अर्धवट. तिथे शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस म्हणजे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आलेला, कायमधाऱ्याचा तोच.

दुसरी गोष्ट हक्कांच्या सनदेची. १७८७ च्या मूळ घटनेत ती नव्हती. त्याच कारणाने अनेक राज्यांत मंजुरीवरून रणं माजली. ऱ्होड आयलंडने तर मे १७९० पर्यंत ताणलं, तोवर वॉशिंग्टनला शपथ घेऊन वर्ष उलटलं होतं. ही सनद म्हणून काँग्रेसने राज्यांकडे दहा नव्हे, बारा दुरुस्त्या पाठवल्या. पहिल्या दोन तेव्हा मंजूर झाल्या नाहीत, बाकीच्या दहा डिसेंबर १७९१ मध्ये झाल्या. म्हणून भाषणस्वातंत्र्याची ती प्रसिद्ध 'पहिली' दुरुस्ती मूळ यादीत तिसरी आहे, आणि खासदारांच्या पगाराविषयीची दुसरी थेट १९९२ मध्ये मंजूर होऊन सत्ताविसावी झाली.