गोव्याचा इतिहास वाचताना या चुका टाळा, नाहीतर डोकं गरगरेल

लायब्ररीतलं एक जुनं पुस्तक हातात आलं, त्यात 1759 मधे पोर्तुगीज व्हाइसरॉय गोव्याहून पणजीला राहायला गेला असं काहीतरी होतं आणि बाजूला कुणीतरी पेन्सिलीने 'चूक!!' लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. अहो, पुस्तक बरोबर आहे! जुन्या लिखाणात गोवा म्हणजे बऱ्याचदा नुसतं शहर, आपण आज ज्याला ओल्ड गोवा म्हणतो ते, पणजी राजधानी झाली ती 1843 मधे. त्यामुळे वाक्य विचित्र वाटलं की 'गोवा'च्या जागी 'ओल्ड गोवा' घालून वाचून बघा, दहातल्या नऊ वेळा गाडी रुळावर येते.

साष्टीचं तर विचारूच नका. एक मडगावची आणि एक मुंबई-ठाण्याची, दोन्हीकडे पोर्तुगीज, दोन्हीकडे मराठ्यांची स्वारी, आणि तीसुद्धा दोनच वर्षांच्या अंतराने, ठाण्याकडे 1737 मधे आणि मडगावकडे 1739 च्या जानेवारीत. कुणाचं डोकं ठिकाणावर राहील सांगा! नोट्स काढताना नुसतं 'साष्टी' लिहू नका, पुढे कंसात मडगाव किंवा ठाणे टाकाच, आणि वाचताना जवळपास वसई दिसली तर ती आपली साष्टी नव्हे.

'450 वर्षं पोर्तुगीज' हे पण सगळीकडे डोळे मिटून छापतात. पेडण्याच्या माणसाने जरा हिशोब करावा की, पेडणे त्यांच्याकडे गेलं 1788 मधे, 1961 ला मुक्ती, म्हणजे पावणेदोनशेसुद्धा होत नाहीत. 450 फक्त तिसवाडीला, म्हणजे ओल्ड गोवा-पणजीच्या तालुक्याला, लागू. बार्देस आणि साष्टी (मडगाव) त्यांच्याकडे गेल्या 1543 मधे. म्हणून परीक्षेत असा प्रश्न आला की आधी तालुका बघायचा, मग वजाबाकी.

1510 मधे पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा शहर घेतलं हे सगळ्यांना पाठ, पण त्याच वर्षी दोनदा घेतलं हे निम्म्या गाईडांत नसतं. आधी घेतलं, मे मधे आदिलशाही फौजेने हाकललं, मग 25 नोव्हेंबरला परत. एकाच वर्षाच्या दोन तारखा दिसल्या म्हणून एक खोडून टाकू नका हां.

आणि 'ऑपरेशन विजय', म्हणजे गोवा मुक्तीची लष्करी कारवाई, गूगलवर टाकलंत की आधी कारगिलचे डोंगर येणार, कारण 1999 मधे तेच नाव परत वापरलं. पुढे 1961 टाइप करा, मग येईल आपलं.